‘सिल्व्हर’पासून ‘डायमंड’पर्यंत : रँक टिकवायला पैसा जातो कोणाच्या खिशातून?

तालुक्याच्या ठिकाणी मंगल कार्यालयात मीटिंग असते. स्टेजवर कोट-टाय घातलेले ‘लीडर’, मागे मोठा पडदा आणि पडद्यावर पायऱ्यांचे चित्र. सर्वांत खाली ‘डिस्ट्रिब्युटर’, मग सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टोकाला डायमंड. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या दोन-चार जणांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला हाच फोटो झळकतो. साबण, प्रोटीन पावडर, शेतीची औषधे, असा माल कोणताही असो. योजना मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच. कमाई मालावर कमी आणि रँकवर जास्त अवलंबून.

ही रँक मिळते कशी आणि टिकते कशी, हे मीटिंगमध्ये घाईघाईत सांगितले जाते. खरी मेख तिथेच आहे.

रँक म्हणजे काय?

प्रत्येक मालाला किमतीबरोबर काही पॉइंट असतात. कुठे त्याला ‘पीव्ही’ म्हणतात, कुठे ‘बीव्ही’. स्वतःची खरेदी आणि आपल्या खाली जोडलेल्या सगळ्यांची खरेदी मिळून महिन्याचे जे पॉइंट होतात, त्यावर रँक ठरते. रँक जितकी वरची, तितका कमिशनचा टक्का जास्त. पण वरच्याला पूर्ण टक्का मिळत नाही. खालच्या माणसाचा टक्का वजा करून जो फरक उरतो, तोच वरच्याचा.

हिशोब सोपा करून पाहू. समजा, एका योजनेत ग्रुपची महिन्याची खरेदी २०,००० झाली तर ५ टक्के, ५०,००० झाली तर १० टक्के आणि १ लाख झाली तर १५ टक्के मिळतात. गावातल्या एका ताईंच्या खाली तिघी आहेत. प्रत्येकीच्या ग्रुपची खरेदी ३०,००० रुपये, म्हणजे तिघींचे मिळून ९०,०००. ताईंची स्वतःची १०,०००. एकूण झाले १ लाख. त्याचे १५ टक्के म्हणजे १५,०००. त्यातून तिघींचे प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४,५०० गेले. ताईंच्या हाती आले १०,५००.

महिन्याची अखेर

आता समजा, महिन्याच्या २९ तारखेला ताईंची स्वतःची खरेदी फक्त २,००० झाली आहे. एकूण ९२,०००. एक लाखाला ८,००० कमी पडले, म्हणजे टक्का १५ वरून थेट १० वर. ९२,००० चे १० टक्के ९,२००. त्यातून ४,५०० वजा. हाती उरतात ४,७००.

म्हणजे ८,००० कमी पडल्यामुळे ५,८०० चे कमिशन गेले. मग रात्री वरच्या लीडरचा फोन येतो : ‘ताई, रँक जाऊ देऊ नका, थोडाच माल घ्यायचाय.’ ताई दूध डेअरीच्या पगारातून किंवा बचत गटातून उचल घेऊन ८,००० चा माल स्वतःच घेतात. रँक टिकते, स्टेटसला अभिनंदनाचा फोटो लागतो. पण तो माल विकला गेला नाही, तर ८,००० गेले आणि ५,८०० आले. २,२०० चा तोटा. आणि कपाटात बाटल्यांचा ढीग.

पुढच्या महिन्यात मीटर पुन्हा शून्यावर. अशा योजनांत बऱ्याचदा रँक कायमची नसते, ती दर महिन्याला नव्याने कमवावी लागते. त्यातच ‘अॅक्टिव्ह’ राहायला महिन्याला २,००० ची खरेदी लागत असेल, तर वर्षाला २४,००० खिशातून जातात. एकही माणूस न जोडणाऱ्यालाही ते चुकत नाहीत.

आणखी एक गोम आहे. खालच्या तिघींपैकी एखादी मेहनतीने १५ टक्क्यांवर पोचली, की तिच्या ग्रुपवर ताईंना मिळणारा फरक शून्य. वरच्या रँकला त्याबद्दल वेगळा बोनस असतो, पण तोवर ताईंनी नवीन माणसे शोधायची. म्हणूनच लग्नात, बारशात, बाजारात प्रत्येक ओळखीचा माणूस ‘प्रॉस्पेक्ट’ होतो.

माणसे संपतात

‘तुम्ही फक्त सहा जण जोडा’ असे सांगितले जाते. सहाचे ३६, मग २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६ आणि सातव्या पायरीला २,७९,९३६. म्हणजे जवळपास एक अख्खा तालुका. आठव्या पायरीला लागतील साडेसोळा लाखांच्या वर माणसे. साखळी पूर्ण भरली असे धरले, तरी कोणत्याही वेळी दर १०० पैकी ८३ जण सर्वांत खालच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कुणीच नसते. यात कुणाची मेहनत कमी पडत नाही. गणितच तसे आहे.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांनी स्वतः दिलेल्या उत्पन्नाच्या माहितीचा अहवाल काढला. बहुतेक सभासदांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते. किमान १७ कंपन्यांत तर बहुतेकांना काहीच मिळाले नव्हते. तेही खर्च वजा करण्याआधी.

कायदा काय म्हणतो?

रँक असणे हा गुन्हा नाही. खरा माल, खरा ग्राहक आणि विक्रीवर कमिशन असेल तर तो धंदा कायदेशीर आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे, की फक्त माणूस जोडल्याबद्दल मोबदला नको, प्रवेश फी नको आणि विकला जाईल त्याहून जास्त माल सभासदाच्या गळ्यात मारू नये. २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम लागू झाले. त्यांत पिरॅमिड योजनांना बंदी आहे. १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मोठे नाव असले म्हणजे चौकशी होत नाही, असेही नाही. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अॅमवे इंडियाची ७५७ कोटींची मालमत्ता जप्त केली. सभासदांच्या साखळीतून पिरॅमिड पद्धतीने पैसा गोळा केल्याचा आरोप ईडीने केला. हा तपास यंत्रणेचा आरोप आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. अमेरिकेत २०१६ मध्ये हर्बालाइफने तडजोडीत २० कोटी डॉलर भरले आणि खऱ्या किरकोळ विक्रीवर मोबदला देण्याचे मान्य केले.

सही करण्याआधी चार प्रश्न

मीटिंगला जाणाऱ्याने लीडरला चार गोष्टी विचाराव्यात. साखळीबाहेरचे, नुसते वापरायला माल घेणारे ग्राहक किती? रँक टिकवायला दर महिन्याला स्वतःची खरेदी किती? न विकलेला माल कंपनी परत घेते का, आणि ते करारात लिहिले आहे का? आणि गेल्या वर्षभरात खर्च वजा जाता बँकेत नेमके किती जमा झाले? गाडीचा फोटो नको, पासबुक दाखवा.

उत्तर ‘आधी जॉइन व्हा, मग कळेल’ असे आले, तर तेच उत्तर पुरेसे आहे. फसगत झाली असेल तर पावत्या, करार आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पैसे बुडाले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. जोडणारा आपलाच भावकीतला किंवा मैत्रीण असते, म्हणून बरेच जण गप्प बसतात. साखळी लांबत जाते ती त्या गप्प बसण्यावरच.