स्वखुशीने, अक्कलहुशारीने

अनुवाद करणाऱ्या माणसाला प्रत्येक शब्दापाशी थांबायची खोड असते. तरी आयुष्यातल्या एका कागदावर मी न वाचता सही केली. तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. वडील जाऊन दोन महिने झाले होते. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आई, धाकटी बहीण आणि मी अशा तिघी एका बाकावर बसलो. फोटो, अंगठा, सही. अर्ध्या तासात काम आटोपलं. परतताना भावाने आम्हाला साड्या घेतल्या. माझी साडी मला आवडलीसुद्धा. कुणी दरडावलं नाही, कुणी फसवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण मला बोलायचं आहे ते दांडगाईबद्दल नाही, या गोडव्याबद्दल.

काही वर्षांनी एका कादंबरीच्या अनुवादात बहिणीच्या सहीचा प्रसंग आला. नेमके शब्द हवेत म्हणून कपाटातली माझीच प्रत काढली. त्यात लिहिलं होतं की मी हा हक्क स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता कायमचा सोडत आहे. हे वाक्य मी लिहिलं नव्हतं. ते अर्ज लिहिणाऱ्याकडे तयारच असतं. फक्त नावं आणि गटनंबर बदलतात. जी खुशी आधीच छापून ठेवलेली असते, तिला खुशी म्हणायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

कायद्याने आपल्याला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. हिंदू कोड बिल रखडलं, आणि १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने सहदायाद मुलगाच राहिला. केरळने १९७५च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाची पद्धतच मोडीत काढली. आंध्र, तामिळनाडू, कर्नाटक यांनी मुलींना सहदायाद केलं. महाराष्ट्राने १९९४ साली ते केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५पासून देशभर मुलगी मुलाइतकीच सहदायाद झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ झगडून जे मिळवलं, ते मी अर्ध्या तासात परत केलं. मी एकटीने नव्हे. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. कायदा निम्मा वाटा म्हणतो आणि शेत एक सप्तमांश म्हणतं. मधला फरक कुठे जिरतो, हे कोणत्याही गावच्या फेरफार नोंदवहीत दिसेल.

यावर घरोघरी ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर, तुझ्या लग्नात खर्च केला. खर्च झाला तो मांडवावर, मानपानावर आणि सासरच्या माणसांवर. त्यातलं एक गुंठाही माझ्या नावावर चढलं नाही. शिवाय हुंडा १९६१पासून गुन्हा आहे. एका गुन्ह्याची पावती दाखवून दुसरा हक्क चुकता करता येत नाही.

दुसरं उत्तर, जमिनीचे तुकडे पडतात. पडतात, खरं आहे. पण तीन भाऊ असले तरी पडतातच. तुकडे होतील म्हणून तिसऱ्या भावाला हक्कसोडपत्राच्या बाकावर कुणी बसवत नाही.

तिसरं उत्तर, म्हाताऱ्यांना भाऊ सांभाळतो. सांभाळते बहुधा वहिनी, आणि तिने तिच्या माहेरी अशीच सही केलेली असते. शिवाय लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच म्हटलं, आणि २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. कर्तव्याच्या रकान्यात आमचं नाव बिनचूक येतं. सातबाऱ्यावर मात्र थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बहिणी आल्याच तर 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या बोज्याच्या शेजारी.

चौथं उत्तर तोंडाने कुणी देत नाही, आणि खरं तेच असतं. माहेर तुटेल. माझ्या सहीच्या मागे हीच भीती होती. कायद्याला दंडेली दिसते. ही भीती दिसत नाही. तिला आपण माया म्हणतो, आणि ती मायाही असते. म्हणूनच तिच्याविरुद्ध खटला भरता येत नाही.

इथे आपण साहित्यवाल्यांनीही हात झटकू नयेत. ओव्यांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत आपण माहेराचं कौतुक केलं. तिथली चिंच, तिथली विहीर, वाट पाहणारा भाऊ. विहीर कुणाच्या नावावर आहे हे विचारणं अरसिकपणाचं ठरवलं. हिंदीत मायका, कन्नडमध्ये तवरुमने, बंगालीत तर सरळ 'बापेर बाडी', बापाचं घर. मला येणाऱ्या कोणत्याही भाषेत या घरासाठी 'माझं घर' असा शब्द नाही. हक्कसोडीला राजस्थानात 'हक त्याग' म्हणतात. सही करणारी लगेच त्यागमूर्ती होते. तमिळमध्ये अशा दस्ताला 'विडुदलै पत्तिरम्' म्हणतात, आणि 'विडुदलै' म्हणजे मुक्ती, स्वातंत्र्यसुद्धा. कोण कशातून मुक्त झालं, ते वाचकाने ठरवावं. मराठीतलं 'सोड' हे धातुरूप निदान प्रामाणिक आहे. सोडचिठ्ठीत तेच आहे.

आणि नवऱ्याकडे तरी हक्क पक्का आहे का? मूल नसलेली, नवरा आधीच वारलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकमाईच्या मिळकतीवर तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरच्यांनी हाकललेल्या, माहेरच्या आधाराने शिकून कमावलेल्या एका बाईची स्वतःची कमाई २००९च्या निकालाने सासरकडे गेली. न्यायालयाने सहानुभूतीचा विचार करता येत नाही असं म्हटलं. कायदा म्हणतो तू दोन्ही घरची. व्यवहार म्हणतो तुझं एकही नाही.

आपल्या राज्याने २०२४ साली लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० रुपये सुरू केले. गरजू बाईच्या हातात ते पैसे पडतात, याबद्दल मी नाक मुरडणार नाही. त्याच वर्षीपासून मुलांच्या नावात आईचं नाव लागू लागलं, तेही चांगलंच. पण ओवाळणी देणाऱ्या सरकारने सातबाऱ्याकडेही बघावं. मृत्यूनंतर एक वर्ष बहिणीचं, मुलीचं किंवा विधवेचं हक्कसोडपत्र नोंदवू नये. सोडलेल्या वाट्याचं क्षेत्र आणि बाजारभावाने किंमत दस्तात ठळक लिहावी, आणि अधिकाऱ्याने ती सही करणारीला एकटीला, भावाला बाहेर बसवून, वाचून दाखवावी. दरवर्षी अशी किती पत्रं नोंदली गेली, हे जाहीर करावं. तरीही जिला सोडायचं तिने खुशाल सोडावं. ती खुशी मग तिची असेल.

गेल्या भाऊबीजेला हे सगळं मी भावाला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, तेव्हा मागितलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं."

मी म्हटलं, "मागायचं कशाला? ते माझंच होतं. मागितलंस तू."

ओवाळून झालं, फराळ झाला. माहेर तुटलं नाही. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "त्या कागदावर माझी पण सही होती ना गं? मग हे घर आता कुणाचं?"