गाय गाभडते, ताप माणसाला येतो

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला तेव्हाची आठवण अजून ताजी असेल. गुरांचे बाजार बंद झाले, गोठ्यागोठ्यात कडुनिंबाचा धूर झाला आणि पारावर एकच चर्चा सुरू झाली, दूध प्यावं की नाही? लम्पी माणसाला होत नाही असे पशुसंवर्धन खाते सांगून थकले, तरी काही घरांत कोरा चहाच चालू होता. जो रोग माणसाला होत नाही त्याची आपण एवढी धास्ती घेतली. आणि जो खरोखरच गोठ्यातून घरात शिरतो, त्याचे नाव विचारले तर दहा गोठ्यांत एखाद्यालाच सांगता येते.

हा रोग म्हणजे ब्रुसेलोसिस. जनावरांच्या दवाखान्यात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याची पाहणी करायला एका गावी गेलो होतो. शेताचे मालक ओसरीवर पांघरूण घेऊन पडलेले. दोन महिन्यांपासून संध्याकाळी ताप चढायचा, रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम यायचा, सकाळी माणूस बरा. कंबर आणि गुडघे मात्र धरलेलेच. टायफॉईड म्हणून दोनदा औषधं झाली, सलाईन झाली. मी पशुवैद्य नाही आणि डॉक्टर तर नाहीच. पण सहज विचारले, "गोठ्यात काही झालं होतं का?" वहिनी म्हणाल्या, "दसऱ्याच्या आसपास गाय गाभडली ना, सातव्या महिन्यात. वार पडंना, मग ह्यांनीच हात घालून ओढली." वार गेली उकिरड्यावर, तिथून कुत्र्यांनी नेली. मी त्यांना म्हटलं, तालुक्याला जा आणि डॉक्टरांना ताप सांगायच्या आधी गाईचं सांगा. रक्त तपासले तेव्हा ब्रुसेलाच निघाला.

या रोगाची गोठ्यातली खूण साधी आहे. गाय किंवा म्हैस पाचव्या महिन्यानंतर, बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यात गाभ टाकते आणि वार अडकते. पण आपली फसगत पुढे होते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला बहुतेक वेळा नीट विते. मालकाला वाटते, गेली पीडा. प्रत्यक्षात जंतू तिच्या कासेत आणि गाठींत ठाण मांडून असतो. दर वेताला वारेतून आणि स्रावातून तो बाहेर पडतो, दुधातूनही येतो. शेजारच्या दावणीची कालवड तेच गवत चाटते आणि रोग तिच्याकडे जातो.

जनावराचा गर्भपात आणि माणसाचा ताप ही एकाच जंतूची करणी आहे हे शास्त्रज्ञांनाही लवकर उमगले नाही. डेव्हिड ब्रूस या इंग्रज लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या पाणथरीतून हा जंतू शोधला. तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडले. झामिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरने दाखवून दिले की वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात तो आहे, आणि पुढे त्यांच्या दुधातही सापडला. सैनिकांचे शेळीचे दूध बंद केले आणि ताप ओसरला. तिकडे डेन्मार्कमध्ये बँग या पशुवैद्याने १८९७ मध्ये गाभडलेल्या गाईंतून एक जंतू वेगळा केला होता. माल्टाचा जंतू आणि डेन्मार्कचा जंतू एकमेकांचे भाऊबंद आहेत हे अमेरिकेच्या अ‍ॅलिस इव्हान्स या बाईंनी १९१८ मध्ये मांडले. कच्चे दूध धोक्याचे आहे असेही त्यांनी बजावले. तेव्हाच्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांना स्वतःलाच हा ताप लागला आणि वर्षानुवर्षे त्याने पिच्छा सोडला नाही.

डॉक्टर माणसाकडे बघत होते, पशुवैद्य गाईकडे. आपल्या गावात आजही तेच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जनावरांचा दवाखाना कधीकधी एकाच रस्त्यावर असतात, पण गाभडलेल्या गाईची खबर एकातून दुसऱ्यात जात नाही.

आता जंतूच्या पोटात काय चालते ते थोडे बघू, कारण लसीचे सगळे नियम त्यातूनच निघाले आहेत. गाय, म्हैस, शेळी यांच्या गर्भाशयात, विशेषतः वारेत, एरिथ्रिटॉल नावाची एक साखर तयार होते. हा जंतू त्या साखरेवर तुटून पडतो आणि तिथे बेसुमार वाढतो. वार सडते, गर्भ मरतो, म्हणून गाय गाभडते. शिवाय हा जंतू शरीराच्या पांढऱ्या पेशींच्या आत दडून राहतो. चोर पोलीस चौकीतच लपावा तसा प्रकार. त्यामुळे दोन-चार इंजेक्शनांनी तो निघत नाही.

लस आहे ती एस-१९ नावाची. तिची जन्मकथा गमतीची आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा केला. ती कुपी प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्षभराहून अधिक काळ तशीच पडून राहिली. नंतर पाहिले तर जंतू जिवंत, पण त्याचा जहालपणा गेलेला. असे का झाले, हे पुढे रेणूजीवशास्त्राने दाखवले. या जंतूचा अख्खा जनुकीय मजकूर सुमारे ३३ लाख अक्षरांचा आहे. एस-१९ मध्ये त्यातली ७०२ अक्षरे गळालेली आहेत आणि ती नेमकी ती साखर पचवण्याच्या जागेवरची आहेत. ज्या साखरेवर मूळ जंतू माजतो, त्याच साखरेने एस-१९ ची वाढ खुंटते. ३३ लाखांत ७०२ म्हणजे मोठ्या ग्रंथातला एखादा परिच्छेद.

तरीही लस जिवंत जंतूची आहे, हे विसरून चालणार नाही. गाभण गाईला टोचली तर ती गाभडू शकते. नराला टोचली तर वृषणाला सूज येऊ शकते. मोठ्या जनावराला टोचली तर रक्तात लसीची प्रतिद्रव्ये दीर्घकाळ राहतात, मग तपासणीत रोगी कोण आणि लस घेतलेली कोण हे ओळखता येत नाही. म्हणून लस फक्त कालवडीला आणि रेडीला द्यायची, तीही वयाच्या ४ ते ८ महिन्यांत, आयुष्यात एकदाच. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने एस-१९ मधलेच एक जनुक काढून सुधारित लस तयार केली आहे. तिचा हेतूच हा की लसीचा त्रास कमी व्हावा आणि रोगी व लसवंत यांतला फरक तपासणीत कळावा.

आता सरकारी मोहिमेकडे वळू. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी २०२४ पर्यंतच्या पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपये केंद्राने ठरवले. दरवर्षी ३ कोटी ६० लाख कालवडी-रेड्यांना ब्रुसेलाची लस देण्याचे उद्दिष्ट होते आणि २०३० पर्यंत दोन्ही रोगांचे उच्चाटन. पैसा केंद्राचा, लस शेतकऱ्याला फुकट. मग अडते कुठे?

माझ्या मते ते हिशेबात अडते. लाळ्या-खुरकूताची लस सहा महिन्यांनी येते आणि लहानमोठ्या जवळपास सगळ्याच जनावरांना देता येते. पथक गावात आले, गोठे फिरले, काम झाले. ब्रुसेलाची खिडकी मात्र चारच महिने उघडी असते. समजा फेरीच्या दिवशी तुमची कालवड तीन महिन्यांची आहे. लस मिळणार नाही, वय कमी. पुढची फेरी सहा महिन्यांनी, तेव्हा ती नऊ महिन्यांची. पुन्हा लस नाही, वय जास्त. फेरीच्या दिवशी जी दोन ते चार महिन्यांची असेल ती प्रत्येक कालवड अशी दोन फेऱ्यांच्या मधून निसटते. म्हणजे सहा महिन्यांत जन्मलेल्यांपैकी दोन महिन्यांच्या कालवडी, एक तृतीयांश. पथकाने एकही गोठा चुकवला नाही तरी! त्यात कोणी "आज घरी कोणी नाही, उद्या या" म्हणाले की आणखी गळती. या लसीचे काम लहान मुलांच्या लसीकरणासारखे जन्मतारखेवर चालायला हवे.

आणि जन्मतारीख गावात कोणाला ठाऊक असते? दूध संस्थेच्या सचिवाला. गाय व्याली की आठवड्याभरात दूध केंद्रावर येतेच. त्याने नव्या दुधाची नोंद करताना एवढेच विचारायचे, "कालवड की गोऱ्हा?" कालवड असेल तर मालकाचे नाव आणि तारीख एका वहीत लिहायची. महिन्याच्या शेवटी चार महिने पुरे झालेल्यांची यादी पशुधन पर्यवेक्षकाकडे द्यायची. ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनी हा विषय मासिक सभेत घेतला तर याला वेगळा निधी लागत नाही, चाळीस पानी वही लागते.

गैरसमजही आहेत. एकाने मला सांगितले, "साहेब, लस टोचली की दूध आटतं." पाच महिन्यांच्या कालवडीचे कसले दूध आटणार? एक-दोन दिवस अंग तापेल, सुईच्या जागी थोडी सूज येईल, एवढेच. खरी काळजी घ्यायची ती टोचणाऱ्याने. जिवंत लसीची सुई स्वतःच्या हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर त्याला रोग होऊ शकतो. कालवड नीट धरून द्या, पथकातली पोरं घाईत असतात.

आता अवघड गोष्ट. तपासणीत गाय रोगी निघाली तर करायचे काय? परदेशात बऱ्याच ठिकाणी अशी गाय कापतात आणि मालकाला भरपाई देतात. आपल्या राज्यात गोहत्येवर बंदी आहे, आणि २०१५ पासून बैल-वळूंवरही. गाईवर खात्रीचा औषधोपचार नाही. मग बहुतेक जण काय करतात हे तुम्हालाही माहीत आहे. गाय गुपचूप बाजारात जाते, "दुसऱ्या वेताची, पोटातली" म्हणून विकली जाते आणि रोग दुसऱ्या तालुक्याला पोचतो. विकणाऱ्याला नुसता दोष देऊन काय होणार? कर्ज काढून घेतलेली गाय दावणीला बांधून ठेवा म्हणायला आपले काय जाते. अशा गाईंना सांभाळणारी सोय किंवा रास्त भरपाई याचा विचार झाल्याशिवाय २०३० ची तारीख कागदावरच राहील असे मला वाटते.

तोवर निदान घेणाऱ्याने तरी डोळे उघडे ठेवावेत. राज्यात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले आहेत. त्या बारा आकडी बिल्ल्यावर लसीची नोंद असते. आपण सड बघतो, दात बघतो, दूध काढून बघतो. बिल्ल्याचा नंबर दवाखान्यात दाखवून ब्रुसेलाची लस झाली आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. शंका असेल तर रक्ताची तपासणी करून मगच पैसे मोजा.

गोठ्यात गाय गाभडली तर वार हाताने ओढू नका, दवाखान्यात कळवा. हातमोजा नसेल तर त्या पदार्थाला हात लावू नका. गरोदर बाईला आणि पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. मेलेला गर्भ, वार आणि भिजलेले गवत खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्याला मिळता कामा नये. त्या गाईला काही आठवडे वेगळे बांधा. शेळ्यांच्या बाबतीतही हेच. शेळीतला ब्रुसेला माणसाला जास्त जहाल पडतो आणि या मोहिमेत शेळ्यांना लस नाही.

धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याकडे फार. तालमीतल्या पोरांना तर थेट धारेखाली पेला धरायची हौस. दूध उकळले की हा जंतू मरतो, एवढ्यासाठी धोका का घ्यावा?

माणसाला लस नाही. औषध आहे, पण दोन औषधे एकत्र आणि साधारण सहा आठवडे, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आठवड्यात बरे वाटले म्हणून सोडली की ताप उलटतो. ज्या घरात गुरे आहेत तिथे पंधरा दिवसांहून जास्त रेंगाळणारा ताप, घाम आणि सांधेदुखी असेल तर गुरांविषयी डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, तुम्हीच सांगा.

त्या शेतकऱ्याने सहा आठवडे गोळ्या पुऱ्या केल्या. उन्हाळ्यात भेटले तेव्हा नांगरटीला स्वतः उभे होते. गोठ्यात दुसऱ्या गाईची एक कालवड होती, साडेतीन महिन्यांची. वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातल्या एका तारखेला पेनाने गोल केला होता.