प्रयोगशाळा सोडली म्हणजे विद्या वाया गेली?

बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेला मुलगा गुंतवणूक कंपनीत गेला, की आपल्या नेपरव्हिलच्या घरांत चेहरे सुतकी होतात : "एवढं शिकून शेवटी पैसेच मोजणार?" आम्हांला हे पटत नाही. इथून तासाभरावरच्या एव्हन्स्टनचे उदाहरण घ्या. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत १९८९ साली तयार झालेल्या प्रीगाबालिनला 'लिरिका' या नावाने २००४ मध्ये मान्यता मिळाली. २००७ साली विद्यापीठाने त्याच्या रॉयल्टीचा काही हिस्सा ७० कोटी डॉलरना विकला. पण माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ औषधे पुढे गळतात. पैसा कशावर लावावा, हे प्रयोगात हात पोळलेल्यालाच अधिक कळते. तेव्हा मुलांनो, खुशाल जा; डॉक्टरेट मात्र अर्धी सोडू नका. आणि पालकहो, पेढे वाटा!