घरच्या राऊटरला पत्ताच नाही

अब्बा निवृत्त उर्दू शिक्षक. अंबाजोगाईच्या आमच्या घरी गेली काही वर्षं माणसं कागद वाचून घ्यायला येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि घराघरांतल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली आल्या. आतले बरेच कागद निघाले उर्दूत. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, बहुतेक मराठा, ते घेऊन अब्बांकडे येतात. अब्बा वाचून सांगतात, धाकटा भाऊ स्कॅन करतो आणि मी पुण्यात बसून मराठी मजकूर टाइप करतो.

हे स्कॅन घरच्या राऊटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर असतात. ‘गूगल ड्राइव्हवर टाक की,’ असं मित्र म्हणतात. पण लोकांनी कागद अब्बांच्या हातात दिलेत, कुठल्या कंपनीच्या नाही. जमिनीचे, वाटण्यांचे, भावकीच्या जुन्या भांडणांचे कागद आहेत ते. नक्कल बाहेर कुठे ठेवणार नाही, असा अब्बांनी शब्द दिलाय.

म्हणून व्हीपीएन. हा शब्द ऐकला की अनेकांना बंद साइट उघडायची युक्ती आठवते. मला हवी होती पुण्याच्या लॅपटॉपपासून घरच्या राऊटरपर्यंत एक कुलूपबंद वाट, एवढंच. ईदला गावी गेलो तेव्हा राऊटरमध्ये वायरगार्ड चालू केलं, किल्ल्या तयार केल्या, फोनवर तपासलं. लगेच जोडलं गेलं. फोन तेव्हा घरच्याच वायफायवर होता, हे मात्र पुण्यात परतल्यावर लक्षात आलं. मोबाइल डेटावर तपासायला हवं होतं. मूर्खपणा माझाच.

पुण्यातून काहीच जोडेना. वायरगार्डचा एक स्वभाव आहे, समोरच्याची ओळख पटली नाही तर ते उत्तरच देत नाही. सुरक्षेसाठी हे चांगलं, पण दोष शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पाठवलेल्या बाइट्सचा आकडा वाढत होता, आलेल्यांचा शून्यावर. दोन रात्री मी किल्ल्यांवर संशय घेतला. मग पोर्टवर, यूडीपी ५१८२०. मग आठवलं की माझ्या राऊटरच्या आधी ऑपरेटरचा फायबरचा डबा आहे, आणि दोन्ही डबे आपापल्या परीने पत्ते बदलतात. भावाला फोनवर सांगत सांगत त्या डब्यातही पोर्ट उघडायला लावला. तरी शून्य.

शेवटी त्याला म्हटलं, डब्याच्या पानावर ‘वॅन आयपी’ लिहिलंय, तो आकडा वाच.

‘भाईजान, सौ से चालू होता है.’

तिथे सगळं कळलं. ‘माझा आयपी कोणता’ असं विचारल्यावर साइट जो पत्ता दाखवत होती, तो आमच्या घराचा नव्हताच. तोच मी लॅपटॉपमध्ये घालून बसलो होतो.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४ च्या पत्त्यांची एकूण संख्या साधारण ४२९ कोटी. जगाचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये. मग कंपन्यांनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवली. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचे आकडे २०१२ मध्ये खास राखून ठेवले गेले. आतून बाहेर जाणारी मागणी जाते, तिचं उत्तरही येतं. पण बाहेरून कुणी स्वतःहून दार ठोठावलं तर ते कुणाच्या घरी पोचवायचं, हे कंपनीच्या यंत्राला ठाऊकच नसतं. माझ्या राऊटरवर उघडलेला पोर्ट म्हणजे रस्ताच नसलेल्या भिंतीला पाडलेला दरवाजा होता.

पत्त्यांची टंचाई खरी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की कनेक्शन देताना हे कुणी सांगत नाही. वेग सांगतात, सोबत कोणकोणते सिनेमे फुकट ते सांगतात. आपल्याला मिळतोय तो इंटरनेट फक्त घ्यायचा आहे, द्यायचा नाही, हे पावतीवर कुठे लिहिलेलं नसतं. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक घराला स्वतःचे पत्ते मिळू शकतात आणि त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, पण ते मुख्यतः मोबाइल कंपन्यांमुळे. आमच्या ऑपरेटरच्या डब्यात तो रकाना रिकामा आहे.

मी ऑपरेटरला फोन केला. सार्वजनिक पत्ता हवाय म्हटलं.

‘कशाला लागतोय भाई?’

‘घरी व्हीपीएन लावायचंय.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘काही लफडं तर नाही ना? नंतर आम्हाला चौकशी नको.’

तो वाईट माणूस नाही. ओळखीचा आहे, त्याच्या आजोबांचा कागदही अब्बांनीच वाचून दिलाय. तरी उत्तर देण्याआधी मी जरा थांबलो. माझं नाव आणि व्हीपीएन हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याच्या मनात काय येत असेल, याचा हिशेब मी केला, आणि तो करावा लागला याचा मला राग आला. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत व्हीपीएनवर वेळोवेळी बंदीचे आदेश निघाले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. बातम्यांमधून लोकांपर्यंत पोचला तो एवढाच शब्द, संशयासकट. स्वतःच्या घरात यायला स्वतः बनवलेली वाट हा गुन्हा नाही, आणि तो आदेश विक्रेत्यांसाठी होता, हे त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ‘बिझनेस प्लॅन घ्या, मग वरती विचारतो,’ म्हणाला.

दुसरा मार्ग होता बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही टोकं त्याला जोडण्याचा. पण साध्या मांडणीत कुलूप त्या सर्व्हरवर उघडतं आणि पुन्हा लागतं. अब्बांचा शब्द तिथे मोडला असता. म्हणून टेलस्केल घेतलं. त्यात दोन्ही टोकं आतून बाहेर पडतात आणि मध्ये एकमेकांना गाठतात. थेट गाठ पडली नाही तर मजकूर त्यांच्या यंत्रातून जातो, पण कुलूपबंदच. घरातला जुना लॅपटॉप त्यासाठी चालू ठेवला. अंबाजोगाईहून पुण्याला यायला कॅनडातल्या कंपनीकडे नोंद करावी लागते, हे मला अजूनही पटलेलं नाही.

तरी डिस्क दिसेना. घरचा राऊटर १९२.१६८.१.१ आणि पुण्याच्या खोलीतलाही तोच. लॅपटॉप बिचारा पुण्यातल्याच राऊटरकडे अब्बांचे कागद मागत होता. भावाने घरचे आकडे १९२.१६८.४७ वर नेले आणि फोल्डर उघडलं.

सर्वांत वर १३४० फसलीचा, म्हणजे १९३०-३१ च्या सुमाराचा एक कागद होता. अर्धी ओळ वाळवीने खाल्लेली. मी फोन लावला, तर माझ्या आधी अब्बांनीच विचारलं, ‘तिसऱ्या ओळीतलं नाव तुला लागतंय का? मला दोन दिवस लागेना झालंय.’