‘तसलेंच दुसरें सांग’

सांप्रत आमच्या विद्यार्थिवर्गांत जपानी चित्रकथांची, म्हणजे मंगा आणि त्यांवरून तयार होणाऱ्या ॲनिमे मालिकांची, गोडी इतकी वाढली आहे कीं, मधल्या सुटींत चार मुलें एकत्र जमलीं म्हणजे एखादें तरी जपानी नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. ही गोडी बरी कीं वाईट, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. आमचा विषय त्याहून लहान आहे. एक मालिका संपली म्हणजे मुलगा आपल्या मित्राकडे जातो व म्हणतो, “तसलेंच दुसरें सांग.” त्यास काय उत्तर द्यावें ?

पुष्कळदां हें उत्तर फार घाईनें दिलें जातें. तलवारींची कथा आवडली काय ? मग ही घे, हींतही तलवारी आहेत ! हें साम्य नुसत्या अंगरख्याचें झालें. ज्यानें पहिली कथा आवडीनें वाचली त्याचें मन तींत कोठें गुंतलें होतें, हें विचारल्यावांचून दुसरी सुचविणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय. अंगरखा बदलला तरी आंतील माणूस तोच राहतो, याचें एक उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. ‘क्योजिन नो होशी’ ही १९६६ ते १९७१ या काळांतील बेसबॉलची जपानी कथा. तिच्यावरून २०१२ सालीं ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही मालिका हिंदुस्थानांत दाखविण्यांत आली. बेसबॉलचें क्रिकेट झालें, जपानची मुंबई झाली. परंतु मुलाचे अविश्रांत कष्ट तेच राहिले.

‘डेथ नोट’चेंच पाहा. त्सुगुमी ओबा यांनीं लिहिलेली व ताकेशी ओबाता यांनीं चित्रित केलेली ही कथा २००३ ते २००६ या काळांत प्रसिद्ध झाली. जींत नांव लिहिलें असतां तो माणूस मरतो अशी वही एका हुशार विद्यार्थ्याच्या हातीं लागते. ही ज्यास आवडली त्यास बहुधा अधिक खुनांची दुसरी कथा सुचविली जाते. आमच्या मतें वाचकाचें मन खुनांत क्वचितच रमतें. तें रमतें दोन बुद्धिमान प्रतिस्पर्ध्यांच्या डावपेचांत. तसें असेल तर त्याच ओबातांनीं आधीं चित्रित केलेली, युमी होत्ता यांची ‘हिकारू नो गो’ त्याच्या हातीं द्यावी. एक शाळकरी मुलगा, त्याच्या मनांत येऊन राहिलेला प्राचीन काळचा एक खेळाडू, आणि काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा ‘गो’ हा पटावरील खेळ, एवढीच सामग्री. आपणांपैकीं बहुतेकांस या खेळाचे नियम ठाऊक नाहींत. तरी एकेका सोंगटीसरशीं छाती धडधडते.

हिरोमू आराकावा या लेखिकेची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २७ खंडांची आहे. मृत आईस परत आणूं पाहणाऱ्या दोघां भावांपैकीं एकाचें सारें शरीर जातें, दुसऱ्याचा हात व पाय जातो. कांहीं मिळवावयाचें तर तितकेंच मोल द्यावें लागतें, हा तिच्यांतील नियम. ज्याच्या मनास हा नियम लागला असेल त्यानें याच लेखिकेची ‘गिन नो साजी’ (म्हणजे ‘रुप्याचा चमचा’) अवश्य वाचावी. तींत जादू नाहीं, युद्ध नाहीं. होक्काइदो बेटावरील एका कृषिशाळेंत शहरांतील एक मुलगा येतो, डुकराच्या एका दुबळ्या पिलास जीव लावतो, त्यास नांव ठेवतो. आणि तें कापलें जातें तेव्हां त्याचें मांस स्वतःच विकत घेतो. लेखिका स्वतः होक्काइदोंतील दुभत्याच्या व्यवसायाच्या घरांत वाढलेल्या आहेत. ज्यांच्या घरीं गोठा आहे त्यांस तर या पुस्तकाविषयीं अधिक सांगण्याची गरजच नाहीं.

‘नारुतो’ ज्यास आवडतो तो सर्वकाळ मारामारीसाठींच वाचतो असें नव्हे. साऱ्या गांवानें दूर लोटलेला एक पोरका मुलगा तींत आहे. अशा वाचकास आम्ही युकी मिदोरिकावा यांची ‘नात्सुमे यूजिन्चो’ सुचवूं. या नातलगाकडून त्या नातलगाकडे फिरविला गेलेला एक पोरका मुलगा. त्यास इतरांस न दिसणारीं भुतें दिसतात. त्याच्या आजीनें त्यांचीं नांवें एका वहींत बांधून ठेविलेलीं असतात आणि तो तीं एकेक करून परत देतो. बाहेरचें साम्यच पाहावयाचें तर हीही नांवांची वहीच. परंतु ‘डेथ नोट’च्या वहींत नांव लिहिलें म्हणजे प्राण जातो, आणि येथें नांव परत मिळालें म्हणजे सुटका होते!

पालकांसही येथें दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. चित्रें आलीं म्हणजे तें लहान मुलांचेंच, असा कित्येक घरांतून समज आहे. जपानांत मुलांसाठीं, मुलींसाठीं व प्रौढांसाठीं निरनिराळीं नियतकालिकें निघतात. ‘शोनेन’ म्हणजे मुलग्यांसाठीं. परंतु या चिठ्ठीवरही विसंबून चालत नाहीं. ‘डेथ नोट’ मुलग्यांच्याच साप्ताहिकांत आली, आणि माणसें खाणाऱ्या राक्षसांची ‘अटॅक ऑन टायटन’ हीही मुलग्यांच्याच मासिकांत. ‘नारुतोसारखीच आहे’ असें म्हणून थोरल्यानें ती पांचवींतल्या धाकट्यास दाखविली आणि त्याची झोंप उडाली, तर दोष धाकट्याचा नव्हे. १९८८ सालच्या १६ एप्रिलला घिबली या एकाच संस्थेचे दोन चित्रपट जपानांत जोडीनें लागले. एक ‘तोतोरो’, जो चार वर्षांच्या मुलासही हंसवितो. दुसरा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, ज्यांत युद्धकाळीं दोन भावंडें उपासमारीनें खंगत जातात. दुसरा चित्रपट उत्कृष्ट आहे. परंतु तो मोठ्या वयांत, घरचें कोणी शेजारीं असतां पाहावा.

शेवटीं लांबीचा प्रश्न. ‘वन पीस’ १९९७ सालीं सुरू झाली, शंभरावर खंड झाले, अजून संपलेली नाहीं. ज्याची यंदा शालान्त परीक्षा आहे त्यास डिसेंबरांत ही सुचविणारा मित्र कितीही रसिक असो, तो त्याचा हितकर्ता नव्हे. त्यास पंधरा खंडांची ‘गिन नो साजी’ द्यावी, तीही नाताळच्या सुटीपुरती. परीक्षेनंतरची सुटी मोठी असते, आणि ‘वन पीस’ तोंवर कोठें पळून जात नाहीं.