सोळा नट, पाच माणसे

दिवाळीला सासुरवाडीस जाताना जावई मोटार धुतो, पुसतो, तिला झेंडूचा हार घालतो. पण चाकांचे नट कोण पाहतो? गेल्या दिवाळीपर्यंत मीही पाहत नव्हतो.

पुण्याहून कळंबला निघालो तेव्हा गाडीत आम्ही पाच जण होतो. चिरंजीवांनी आदल्याच आठवड्यात शर्यतीच्या मोटारीला शोभतील अशी नवी चाके बसवून घेतली होती. येरमाळा मागे पडले आणि चाकातून टकटक ऐकू येऊ लागली, स्टिअरिंग थरथरू लागले. "अहो, आधी थांबवा!" मंडळी म्हणाल्या. त्यांचे ऐकले, म्हणून आज हे लिहितो आहे.

कळंबहून मिस्त्री आले. पाहतात तो एका चाकाचे दोन नट बोटाने फिरताहेत!

"घट्ट आवळले होते हो," चिरंजीव म्हणाले.

"आवळले, दादा. पण बसले कुठं?"

त्यांनी नट हातावर ठेवला. त्याचे बूड चेंडूसारखे गोल. नव्या चाकातली बैठक मात्र 60 अंशांच्या शंकूची. दोघांची गाठ पडत होती ती नुसत्या एका कडेवर. अशी पकड खड्ड्यांच्या रस्त्यावर किती टिकणार?

मग मिस्त्रींनी व्हर्नियर काढले. स्टडची जाडी 12 मिलिमीटर. दातेरी पट्टीने पाहिले तर दोन आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर. काही गाड्यांत ते सव्वा असते; तसला नट हाताने एकदोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पान्याचा जोर केला की आटे गेलेच! नट निदान स्टडच्या जाडीइतका खोल जावा, म्हणजे येथे पुरे आठ फेरे. त्यांनी मोजले, आठ भरले. शर्यतवाले तर मुद्दाम लांब स्टड आणि आरपार उघडे नट वापरतात. स्टडचे टोक बाहेर डोकावले की खात्री पटते. स्टडच बदलायचा असेल, तर हबमध्ये रुतणाऱ्या दातेरी भागाची जाडीही मोजावी लागते. ती कमी पडली तर स्टड जागच्या जागी फिरतो.

नटाची किंमत मोठमोठ्यांनाही कळते. 2021 साली मोनॅकोच्या शर्यतीत बोटास यांच्या मर्सिडीजच्या चाकाचा एकुलता एक नट झिजून गोल झाला. चाक निघेना, आणि शर्यत तिथेच संपली.

मिस्त्री कळंबला जाऊन शंकूच्या बुडाचे सोळा नट घेऊन आले. ते एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळले. तेही पान्यावर उभे राहून नव्हे, तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने. निघताना बजावले, "शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा बघा."

सासूबाईंनी उशिराचे कारण विचारले. मी म्हणालो, "नट बदलत होतो." त्या हसल्या. सौभाग्यवती मात्र हसल्या नाहीत.

वाचकहो, नवी चाके जरूर घ्या. पण त्यांच्या बैठकीचे नटही त्याच दिवशी मागून घ्या. दिवाळी सुखाची जावो!