शाळिग्रामातला इशारा

तुळशीच्या लग्नात परभणी जिल्ह्यातल्या अनेक घरांतून देवघरातला शाळिग्राम तुळशीशेजारी येतो. नेपाळमधल्या गंडकी नदीच्या या काळ्या दगडावर पुष्कळदा चक्र दिसते. ते आहे अमोनाइटच्या शंखाचे. ऑक्टोपस आणि माकूळ यांचा हा समुद्री भाऊबंद. ब्लॅनफोर्डिसेरस ही त्याची एक प्रजाती. हिमालयाच्या जागी समुद्र होता, त्या काळी, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी ती जगत होती.

पुढे ही प्रजाती संपली, पण अमोनाइटचे कूळ टिकले. एकूण ३० कोटींहून अधिक वर्षे जगलेले हे कूळ ६.६ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. तेव्हा मेक्सिकोजवळ प्रचंड उल्का कोसळली होती. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. परभणीचा काळा पाषाण आणि कापसाची काळी माती ही त्याचीच देणगी. या विनाशात लाव्हाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मात्र त्या वेळी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे पाव अंकाने घसरला, असे आढळले आहे. अमोनाइटची जेमतेम मिलिमीटरभर पिल्ले याच वरच्या थरात तरंगत. ती तगली नसावीत. खोल पाण्यात मोठी अंडी घालणाऱ्या नॉटिलसचा वंश मात्र आजही आहे.

पाव अंक म्हणजे किती, हे माती परीक्षण करणाऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. डॉक्टरांनाही नाही. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.२ च्या खाली गेला, तर रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवण्याची वेळ येते. सामूचे मोजमाप असे आहे की एक अंक घसरला म्हणजे आम्लता दहापट वाढते.

कोळसा आणि तेल जाळून माणसाने औद्योगिक युगात समुद्राचा सामू ८.२ वरून ८.१ वर आणला आहे. ‘एका दशांशाने काय होते?’ हा प्रश्न अज्ञानाचा आहे. अंगाचा ताप दोन अंशांनी वाढला तर घर जागे राहते. पृथ्वीच्या तापाबाबत मात्र आपण निवांत आहोत.

जिल्ह्यातल्या शाळांनी शाळिग्राम आणि शिवारातला काळा दगड शेजारी ठेवून विज्ञानाचा एक तास घ्यावा. श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही. निदान झाले आहे. उपचार लांबवणे परवडणारे नाही, एवढे मुलांना तरी कळेल.